पीडीपी-११/२३: एक अख्खा पावसाळा वापरल्यावर

'रॅम किती, स्पीड किती' एवढंच विचारून पीडीपी-११/२३ घ्यायला निघाला असाल तर जरा थांबा. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचं १९७९ चं हे मिनीकॉम्प्युटर मशीन कागदावर सोपं दिसतं: १६ बिट, सीपीयूचा एफ-११ चिपसेट, आणि कार्डांना एकमेकांशी जोडणारी क्यू-बस. पण वाढवायला गेलं की खरी मजा सुरू होते.

माझ्याकडे आहे ती बीए-११-एन पेटी, नऊ स्लॉटची. उद्यमनगरात भंगाराच्या भावात मिळाली. आत सीपीयू, ६४ केबीची दोन मेमरी कार्डं आणि डीएलव्ही-११-जे हे चार पोर्टांचं सीरियल कार्ड, सगळं शाबूत. कार्डं लावताना मध्ये स्लॉट मोकळा ठेवायचा नाही. इंटरप्ट (सीपीयूचं लक्ष मध्येच वेधणं) आणि डीएमए (सीपीयूला वगळून थेट मेमरीशी देवाणघेवाण) यांची परवानगी एका कार्डातून पुढच्या कार्डात जाते, मध्ये खिंडार पडलं की पुढचं कार्ड बसून राहतं.

मेमरीबद्दल सविस्तर सांगतो, कारण विचारणारे सगळे इथंच अडकतात. एमएमयूची, म्हणजे मेमरीचे पत्ते सांभाळणारी, चिप नसेल तर ६४ केबीच्या पुढं जाता येत नाही, त्यातले वरचे ८ केबीही आय/ओ ला जातात. चिप असली तर १८ बिटांच्या पत्त्यात २५६ केबी. ४ एमबी हवी असेल तर २२ बिट लागतात, आणि त्यासाठी सीपीयू कार्ड नंतरच्या आवृत्तीचं, मेमरी कार्ड तसंच, शिवाय बॅकप्लेनवर, म्हणजे कार्डं जिच्यात खोचतात त्या मागच्या पाटीवर, चार जादा लाइनी. माझ्या बॅकप्लेनवर त्या नव्हत्या. बीसी१, बीडी१, बीई१, बीएफ१ या पिना सगळ्या स्लॉटांत आडव्या जोडायच्या. पॅनेल वायरिंग करणाऱ्या एका मिस्त्रींना दाखवलं, तर म्हणाले, "ह्यात काय हाय, तासाभराचं काम." झालंही तसंच, जोड एकदम नेटका. फक्त काही जुनी कार्डं याच पिना भलत्याच कामाला वापरतात, तेव्हा कार्डाचा कागद वाचल्याशिवाय खोचू नका.

खरं सांगायचं तर आरटी-११ या ऑपरेटिंग सिस्टिमला एवढी मेमरी लागतच नाही. उरलेली मी तिच्या व्हीएम हँडलरनं (ड्रायव्हरनं) रॅम डिस्क म्हणून, म्हणजे मेमरीलाच डिस्क मानून, वापरतो, फाइली झटक्यात उघडतात.

डिस्कसाठी आरएल०२ या जुन्या डिस्क ड्राइव्हच्या नादाला लागू नका. १०.४ एमबीसाठी ३४ किलोचं धूड, वर कंट्रोलर वेगळा. त्यापेक्षा सीरियलच्या एका पोर्टवर जुना लॅपटॉप लावा, तो टीयू-५८ या टेप ड्राइव्हचं सोंग घेतो. एका टेपची जागा २५६ केबी, ३८,४०० बॉडला अख्खी वाचायला मिनिटभराच्या वर जातं. चहा होतो तेवढ्यात. मशीन सुरू करणारा बूट रॉम टेप ओळखत नसेल तर ओडीटी या सीपीयूतल्याच मॉनिटरच्या @ पुढं छोटा प्रोग्राम ऑक्टलमध्ये (आठच्या पायाच्या अंकांत) हातानं भरायचा. आधी कंटाळा येतो, मग बोटांना पाठ होतो.

आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कार्डांच्या सोनेरी पट्ट्या कुरकुर करतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून परत बसवली की मशीन सुरळीत. पंख्याचा आवाज मात्र घरच्यांना झेपत नाही, म्हणून पेटी माडीवर.

फ्लोटिंग पॉइंटची, म्हणजे अपूर्णांकांच्या गणिताची, केईएफ-११ चिप घेणार असाल तर आधी एमएमयू चिप आहे का बघा. तिचे रजिस्टर एमएमयूच्या चिपमध्येच असतात, त्याशिवाय ती चालत नाही. विकणारे हे बहुधा सांगत नाहीत.