व्हिडिओ स्विचरचे नऊ महिने आणि एक सैल पिन

गेल्या वर्षी ऑगस्टअखेरीस, गणेशोत्सवाची कामे अंगावर येण्यापूर्वी, मी चार एचडीएमआय इनपुटांचा छोटा व्हिडिओ स्विचर 31,500 रुपयांना घेतला. नाशिकमध्ये नृत्याचे कार्यक्रम, नाटकांचे प्रयोग आणि गोदाघाटावरच्या मैफली यांच्यासाठी मागच्या पडद्यावरची दृश्ये चालवणे हा माझा व्यवसाय आहे. स्विचर म्हणजे एचडीएमआय केबलने (टीव्हीला लॅपटॉप जोडतात ती चित्राची केबल) आलेल्या अनेक चित्रांपैकी हवे ते पडद्यावर पाठवणारे यंत्र. नऊ महिन्यांत 43 कार्यक्रम झाले आणि चित्राच्या दर्जाबद्दल माझी एकही तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती त्याच्या वीजपुरवठ्याच्या पिनेबद्दल.

ॲडॉप्टरची ती गोल पिन सॉकेटमध्ये नुसती सरकून बसते. तिला ना आटे आहेत, ना खटका. घरी टेबलावर यंत्र पाहताना हे लक्षातही येत नाही. विंगेत, सब-वूफरपासून (खर्जातल्या आवाजाच्या, हादरे देणाऱ्या मोठ्या स्पीकरपासून) हातभर अंतरावर, तीन तास यंत्र चालवले की येते. जानेवारीत एका कथक कार्यक्रमात पडद्यावर पावसाचे दृश्य होते, पढंत, म्हणजे नृत्याचे बोल तोंडाने म्हणणे, रंगात आली होती, आणि अचानक पडदा काळा झाला. मी आधी लॅपटॉपकडे पाहिले, मग प्रोजेक्टरच्या केबलकडे. पिन जेमतेम दोन मिलिमीटर मागे सरली होती. डोळ्यांना ती जागेवरच दिसत होती, बोट लावल्यावर कळले. दाबताच निळा दिवा लागला, पण यंत्र सुरू व्हायला आठ-नऊ सेकंद गेले, प्रोजेक्टरला सिग्नल सापडायला जवळपास तितकेच, आणि त्यानंतर मोठ्या पडद्यावर पावसाऐवजी माझ्या लॅपटॉपचा वॉलपेपर आला.

हे शेवटचे का घडले ते नीट सांगितले पाहिजे, कारण अनेक जण त्यासाठी लॅपटॉपला दोष देतात. समोर जोडलेले उपकरण आपली ओळख, म्हणजे आपल्याला कोणते रिझोल्यूशन चालते ही माहिती, केबलमधूनच लॅपटॉपला देत असते. तिलाच ईडीआयडी म्हणतात. स्विचर बंद पडताच विंडोजच्या दृष्टीने दुसरा पडदा काढून घेतलेला असतो, म्हणून चालू असलेली चित्राची खिडकी ते मुख्य स्क्रीनवर आणून ठेवते. पडदा परत आला तरी खिडकी नेमक्या जागी परत जाईलच असे नाही. त्या दिवसापासून मी लॅपटॉप आणि स्विचर यांच्यामध्ये अंगठ्याएवढा ईडीआयडी एम्युलेटर लावतो. पुढे काहीही बंद पडले तरी तो लॅपटॉपला पडदा जोडलेला असल्याचेच सांगत राहतो. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी पुढच्या कार्यक्रमाआधी घ्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कार्यक्रम संपल्यावर नृत्याच्या गुरू, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, विंगेत आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मुली थांबल्या नाहीत, तबला थांबला नाही, फक्त पडदाच कसा थांबला?" त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

या यंत्राबद्दलचे माझे पहिले मत मात्र चुकीचे होते, हेही सांगायला हवे. पहिले दोन महिने पडद्यावर अधूनमधून सेकंदभर काळोख येत असे आणि मी तो दोष बेधडक स्विचरच्या माथी मारला होता. ओळखीच्या दोघांना हे यंत्र घेऊ नका असे सांगूनही मोकळा झालो होतो. खरा दोष माझ्या 20 मीटर लांबीच्या तांब्याच्या एचडीएमआय केबलचा होता. पैसे वाचवण्यासाठी मी ती स्वस्तात घेतली होती. 1080पी, म्हणजे फुल एचडी, चित्र साध्या तांब्याच्या केबलवरून 15 मीटरच्या पुढे न्यायचे म्हणजे सिग्नल क्षीण होतो; तालमीत चालते आणि सभागृह भरल्यावर, दिव्यांचे डिमर सुरू झाल्यावर तुटू लागते. दिवाळीनंतर मी दोन्ही टोकांना कन्व्हर्टर लावून मधला लांबचा पल्ला एसडीआयवर, म्हणजे व्यावसायिक व्हिडिओत वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीवर, नेला. त्यासाठी टीव्हीच्या केबलसारखीच, पण चांगल्या प्रतीची कोॲक्सिअल केबल लागते, ती याच सिग्नलला 50 मीटरपर्यंत सहज नेते, आणि मुख्य म्हणजे तिचा बीएनसी जोड फिरवून कुलूपबंद होतो. कुणाचा पाय अडकला तरी तो निसटत नाही. काळोख कायमचा थांबला आणि त्या दोघांनाही मी फोन करून माझे शब्द मागे घेतले.

आता या यंत्राच्या ज्या गुणामुळे मी अजून ते विकलेले नाही, त्याकडे येतो. त्यावर 'स्टिल' नावाचे एक बटण आहे. आधी भरून ठेवलेले स्थिरचित्र ते स्वतःच्या मेमरीतून दाखवते, त्यासाठी लॅपटॉप चालू असावा लागत नाही. मे महिन्यात घाटावर अभंगांचा कार्यक्रम होता. दुपारभर उन्हात तापलेल्या दगडी पायऱ्यांवरच टेबल मांडलेले होते, आणि दिवेलागणीनंतर अर्ध्या तासात लॅपटॉप उष्णतेने स्वतःहून बंद झाला. मागच्या अनुभवामुळे माझी तर्जनी दर कार्यक्रमात त्या बटणावरच ठेवलेली असते. स्क्रीन विझलेली दिसताच मी ते दाबले. पडद्यावर धुक्यातल्या रामकुंडाचे छायाचित्र आले, जे मीच हिवाळ्यात पहाटे काढले होते. गायकांनी अभंग चालू ठेवला. मी दुसरा लॅपटॉप दुसऱ्या इनपुटवर लावला, खिडकी योग्य स्क्रीनवर आहे ना हे दोनदा पाहिले, आणि सावकाश डिझॉल्व्ह देऊन, म्हणजे एक चित्र दुसऱ्यात विरघळवत, मूळ दृश्यावर आलो. या सगळ्याला जवळपास चार मिनिटे लागली. नंतर आयोजकांनी ते धुक्याचे चित्र फार समयोचित होते असे आवर्जून सांगितले.

पण याच ठिकाणी त्या पिनेचा दोष अक्षम्य ठरतो. स्टिल चित्र ज्या मेमरीत असते ती वीज गेली की रिकामी होते. म्हणजे पिन सरकली की चालू चित्रही जाते आणि संकटासाठी राखून ठेवलेले चित्रही जाते. जानेवारीत म्हणूनच मी ते बटण दाबले तेव्हा काहीही आले नाही. यूपीएसने हा प्रश्न सुटत नाही, कारण यूपीएस वीज गेल्यावर उपयोगी पडतो, पिन निसटल्यावर नाही. 31,500 रुपयांच्या यंत्रात दोन आट्यांची एक रिंग बसवायला कितीसा खर्च आला असता?

फेब्रुवारीत मी ते मुंबईच्या सेवा केंद्राकडे पाठवले. सैल सॉकेटची तक्रार फोटोंसह, चार ओळींत स्पष्ट लिहिली होती. तब्बल 19 दिवसांनी यंत्र परत आले आणि सोबतच्या कागदावर 'दोष आढळला नाही' असे लिहिलेले होते. शांत खोलीतल्या टेबलावर त्यांना तो आढळणार नव्हताच. सब-वूफरशेजारी ठेवून पाहा, हे मी पत्रात लिहिले होते. कुरिअरचे 740 रुपये माझ्याकडून गेले, आणि त्या काळातल्या तीन कार्यक्रमांसाठी दिवसाला 1,500 रुपये भाड्याने दुसरा स्विचर आणावा लागला. या खर्चाचा मला अजूनही राग आहे.

रविवार कारंजाजवळ जुने टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी भिंगातून सॉकेट पाहिले, आतली पितळी पट्टी रुंदावल्याचे मला दाखवले आणि आट्यांचे सॉकेट 350 रुपयांत बसवून देईन म्हणाले. पण झाकण उघडले की वॉरंटी जाते, आणि ती ऑगस्टअखेरपर्यंत आहे. तोवर ॲडॉप्टरची वायर यंत्राच्या मागच्या स्क्रूभोवती दोनदा गुंडाळून केबल टायने आवळतो, पिनेवर पांढऱ्या पेनाने रेघ मारून ठेवली आहे, आणि पडदा उघडण्याआधी ती रेघ सॉकेटच्या कडेला टेकली आहे की नाही हे टॉर्चने पाहतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात यंत्र काकांकडे जाईल.