जोसाचा ओपनिंग-क्लोजिंग रँकचा तक्ता: इंदूरच्या पालकांसाठी परीक्षण

जेईईचा निकाल लागला की आमच्या लोकमान्य नगरात घरोघरी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या यादीवर खल सुरू होतो आणि पैसे घेऊन ती यादी तयार करून देणाऱ्यांच्या जाहिरातीही हातोहात फिरू लागतात. गेल्या वर्षी भाचीची यादी करताना आम्ही मुख्य भिस्त ठेवली ती जोसाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळणाऱ्या ओपनिंग-क्लोजिंग रँकच्या तक्त्यावर. जोसा ही आयआयटी, एनआयटी, ट्रिपल आयटी आणि सरकारी निधीवर चालणाऱ्या इतर तंत्रसंस्थांचे प्रवेश २०१५ पासून एकत्रितपणे करणारी यंत्रणा आहे. ओपनिंग रँक म्हणजे जागा मिळालेल्यांपैकी पहिल्याची रँक आणि क्लोजिंग म्हणजे शेवटच्याची.

तक्ता अत्यंत विश्वसनीय आहे, कारण त्यात अंदाज नसून प्रत्यक्ष दिल्या गेलेल्या जागांची नोंद असते. मात्र तो वाचण्याची शिस्त लागते. एकाच कॉलेजातील एकच शाखा कोटा, प्रवर्ग आणि लिंग यांनुसार अनेक ओळींत विभागलेली असते, आणि राखीव प्रवर्गांच्या ओळींतील रँक ही सामान्य यादीतली नसून त्या त्या प्रवर्गातली असते. भाचीने 'ओएस', म्हणजे परराज्यातील उमेदवारांची ओळ वाचून भोपाळच्या मॅनिटमधील, म्हणजे तिथल्या एनआयटीतील, एक शाखा खोडून टाकली होती; 'एचएस', म्हणजे गृहराज्याच्या कोट्यातील केवळ मुलींसाठीच्या ओळीत तिची रँक व्यवस्थित बसत होती. पहिल्या फेरीची क्लोजिंग रँक पाहून निराश होण्यातही अर्थ नाही. दोन-तीन वर्षांच्या शेवटच्या फेऱ्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले, तरच खरा कल दिसतो.

इंदूरच्या पालकांनी एक गोष्ट विशेष जपावी. एनआयटीतील निम्म्या जागा गृहराज्याच्या असतात आणि गृहराज्य ठरते ते बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण केली यावरून, घराच्या पत्त्यावरून नव्हे. तयारीसाठी मुलाला राजस्थानात पाठवून तिथल्याच शाळेतून बारावी करवली असेल, तर मॅनिटसाठी तो परराज्यातला ठरतो. हा निर्णय अकरावीतच झालेला असतो आणि त्या वेळी ही माहिती फार थोड्या घरांत असते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तक्त्याची मर्यादा अशी की जागा मिळू शकेल का, एवढेच तो सांगतो. ती घ्यावी का, हे सांगत नाही. जोसाच्या अर्जात पसंतीक्रमांच्या संख्येला मर्यादा नसल्यामुळे लोक दिसेल ते कॉलेज भरत सुटतात. वर अवघड कॉलेज ठेवल्याने खालच्या पसंतीची संधी कमी होत नाही, हे खरे. त्यामुळे क्रम निर्धास्तपणे मनाप्रमाणेच लावावा. परंतु मिळालेली जागा मुदतीत शुल्क भरून स्वीकारली नाही, तर उमेदवार पुढील फेऱ्यांतून बाद होतो. म्हणून जिथे जायचेच नाही ते नाव यादीत असू नये.

ही छाटणी करताना आम्हाला एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीपेक्षा तिच्यासाठी संस्थांनी सादर केलेली माहिती अधिक उपयोगी पडली. किती विद्यार्थी ठरलेल्या मुदतीत पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे त्यात असते. जाहिरातीत झळकणारे सर्वोच्च पॅकेज एका विद्यार्थ्याचे असते, तर मध्यक पगाराखाली निम्मे विद्यार्थी असतात. हे आकडे शाखानिहाय मिळत नाहीत, ही उणीव मोठी आहे. ती भरून काढायला त्या शाखेच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातील विद्यार्थ्यांनाच गाठावे लागते.

शिवाय हा तक्ता म्हणजे सर्व पर्याय नव्हेत. १९५२ साली स्थापन झालेले आपले इंदूरचे इंजिनिअरिंग कॉलेज एसजीएसआयटीएस त्यात सापडणार नाही, कारण तिथले प्रवेश मध्य प्रदेशच्या तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत होतात, आणि तिथे राज्याच्या जागांसाठी मूळ निवासी प्रमाणपत्र लागते. पुण्याचे नातेवाईक आग्रहाने सुचवतात त्या कॉलेजांची प्रक्रिया आणखी निराळी असून महाराष्ट्रातील रहिवाशांसाठीच्या जागा केवळ मराठी असल्यामुळे मिळत नाहीत.

केंद्रीय संस्थांपुरते बोलायचे तर यादीच्या पहिल्या चाळणीसाठी पैसे मोजण्याची गरज मला दिसत नाही. पसंतीक्रम भरल्यावर जोसा नमुना वाटपही जाहीर करते. ते बंधनकारक नसले, तरी त्यात मिळालेली जागा पाहून घरात आनंद होतो की चेहरे पडतात, हे लक्षात घ्यावे आणि पसंतीक्रम लॉक करण्याआधी यादी पुन्हा लावावी.