ट्रक सिम्युलेटरचं स्टिअरिंग: आठ महिने वापरल्यावर

संगणकावर ट्रक चालवायच्या गेमसाठी दोन वर्षं साधं स्टिअरिंग वापरलं, ज्यात मोटरचा जोर गिअरमधून हाताला येतो. आठ महिन्यांपूर्वी डायरेक्ट ड्राइव्हवर आलो, म्हणजे स्टिअरिंग थेट मोटरवरच बसवलेलं. मोटर 8 न्यूटन-मीटरची, रिम (हातात धरायचं चाक) 45 सेंटिमीटर व्यासाची, समोर 27 इंची स्क्रीन. मी रेसिंग करत नाही. रोज तास-दीड तास भरलेला ट्रेलर घेऊन लांबचा रस्ता धरायचा, एवढाच छंद. त्यामुळे खालचं सगळं ट्रकपुरतंच आहे. यातली सेटिंग्ज कारला लावू नका.

पहिले दोन महिने मी एका चुकीच्या समजुतीत काढले. ट्रक जड, म्हणून स्टिअरिंगही जड हवं. फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटर हाताला देते तो जोर, थेट 100 टक्के! अर्ध्या तासात खांदे भरून यायचे आणि तरीही ट्रेलर काय करतोय ते हाताला कळायचं नाही. कारण साधं होतं. गेम जेवढा जोर मागतो तेवढा मोटरकडे नसेल, तर ती कमाल जोरावर जाऊन अडकते. मग मध्यम वळण काय, तीव्र वळण काय, हाताला दोन्ही सारखंच. यालाच क्लिपिंग म्हणतात. फोर्स 55 टक्क्यांवर आणला आणि त्याच दिवशी रिकामा ट्रेलर आणि भरलेला ट्रेलर यातला फरक पहिल्यांदा हाताला लागला. वळणात वेग जास्त झाला की टायरची पकड सुटण्याआधी स्टिअरिंग किंचित हलकं होतं. ही खूण सगळ्यात मोलाची, आणि ती जास्त जोरात आधी बुडून जात होती.

खऱ्या ट्रकचाही विचार करून पाहा. पुढच्या ॲक्सलवर सात-सात टन असतात, तरी हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमुळे चाक सहज फिरतं. वजन जोरातून कमी आणि फेऱ्यांतून जास्त जाणवतं. कारचं स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच-तीन फेरे घेतं, ट्रकचं चार किंवा त्याहून जास्त. माझं जुनं 900 अंशांचं होतं, म्हणजे अडीच फेरे. ट्रकच्या केबिनमध्ये बसून कार चालवल्यासारखं. आता 1800 अंश ठेवलेत. पहिला आठवडा चौकात हात अपुरे पडले, पण हायवेवर ट्रक लेनमध्ये शांत चालायला लागला. हाताच्या बारीक थरथरीने गाडी आता हलत नाही.

मोठी रिम घेणाऱ्यांनी एक हिशोब आधी करावा. मोटर तीच राहिली तर रिम जितकी मोठी, तितका हाताला लागणारा जोर कमी. 28 सेंटिमीटरवरून 45 वर गेलो तेव्हा तो साधारण 1.6 पटीने उतरला. ट्रकसाठी मला तेच आवडलं.

चौथ्या महिन्यात ओळखीचे एक काका येऊन बसले. वीस वर्षं ट्रेलर चालवलेला माणूस. दहा मिनिटांत म्हणाले, "मधे थोडा प्ले ठेव रे, भरलेली गाडी इतकी टोकदार नसते." प्ले म्हणजे चाक मधे थोडं हललं तरी गाडी वळत नाही अशी ढील. मी ती ठेवली, आणि सरळ रस्ता लगेच खरा वाटू लागला. जाताना म्हणाले, "पण मागून काहीच कळत नाही." त्यांचं हे वाक्य मला नंतर बरेच दिवस पुरलं.

खऱ्या केबिनमध्ये गाडी वळली हे शरीराला आधी कळतं. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका फिरणं ओळखतात, दुसरा भाग वेग वाढणं-कमी होणं ओळखतो. टेबलासमोरच्या खुर्चीत यातलं काहीच नाही. सगळा भार डोळ्यांवर आणि हातांवर. मग मी सीटखाली बास शेकर (आवाजाचे कंप सीटला देणारं यंत्र) बसवला, इंजिन आणि रस्त्याचे धक्के त्यातून दिले. स्टिअरिंगचं एकही सेटिंग बदललं नव्हतं, तरी स्टिअरिंग सुधारल्यासारखं वाटलं. आठ महिन्यांत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या गोष्टीने: हाताला काय जाणवतं हे एकटा हात ठरवत नाही.

डोळ्यांचंही तसंच. 27 इंची स्क्रीन 75 सेंटिमीटरवरून पाहिली तर जेमतेम 44 अंश व्यापते. कडेचं दृश्य नसल्याने वेग कमी वाटतो आणि मी वळणात जोरात शिरायचो. त्यामुळे गेममध्ये दिसणाऱ्या दृश्याचा कोन 60 अंशांवर ठेवलाय. तडजोड आहे, पण चालते. 1994 मध्ये लँड आणि ली या संशोधकांनी दाखवलं होतं की वळणाच्या एक-दोन सेकंद आधीच चालकाची नजर आतल्या कडेच्या स्पर्शबिंदूवर (नजरेची रेषा कडेला जिथे टेकते तिथे) जाते. सीटची उंची मी त्याच हिशोबाने बदलली: ती कडा डॅशबोर्डच्या वर दिसलीच पाहिजे.

मधे महिनाभर मोठ्या टीव्हीवर खेळलो. ट्रक सतत डोलत होता आणि मी दोष स्टिअरिंगला देत होतो. खरं कारण टीव्हीची चित्र सुधारण्याची प्रक्रिया. चित्र उशिरा येतं, हात उशिरा सावरतो, मग जास्तच सावरतो. गेम मोड लावला आणि डोलणं गेलं.

न सुटलेली अडचण एकच, पण मोठी: रिव्हर्स. उभ्या ट्रकच्या स्टिअरिंगचं चाक सोडलं तर जिथे आहे तिथेच राहायला हवं. इथे ते मध्याकडे ओढलं जातं. ही ओढ (सेंटरिंग) शून्य केली तर चालत्या गाडीत मोकळं वाटतं. व्होल्वोने 2013 मध्ये खऱ्या ट्रकच्या स्टिअरिंगवर इलेक्ट्रिक मोटर बसवली. ती सेकंदाला 2000 वेळा नियंत्रित होते, कमी वेगात चाक हलकं ठेवते आणि हायवेवर स्थिर. वेगानुसार जोर बदलणं खऱ्या गाडीत जमतं, तर आमच्या टेबलावरही जमायला हवं. तोपर्यंत मी सेटिंग्जची दोन प्रोफाइल ठेवलीत, एक रस्त्याचं आणि एक यार्डातलं. माल चढवायच्या-उतरवायच्या डॉकला ट्रेलर लावण्याआधी बटण दाबून बदलतो.