आधी नेमका शब्द, मग काटछाट: इंग्रजी लेखनाच्या साधनांचा काही महिन्यांचा अनुभव

थिसॉरस (जवळच्या अर्थाच्या शब्दांचा कोश), लर्नर्स डिक्शनरी (इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा कोश), कोलोकेशन डिक्शनरी (सोबतीने येणाऱ्या शब्दांचा कोश) आणि वर्ड प्रोसेसरमधील वाचनीयतेचा गुणांक (मजकूर वाचायला किती सोपा आहे हे दाखवणारा आकडा) ही चार साधने मी गेले काही महिने इंग्रजी अहवाल आणि कार्यालयीन टिपणे लिहिताना सातत्याने वापरत आहे. मजकूर आटोपशीर व्हावा, एवढाच हेतू सुरुवातीला होता. प्रत्यक्षात असे दिसले की, नुसती कात्री चालवून वाक्य लहान होते, पण नेमके होत नाही; उलट योग्य क्रियापद हाती लागले की निम्मे फालतू शब्द आपोआप गळून पडतात. या चारही साधनांबद्दलचे माझे मत या अनुभवावरच आधारलेले आहे.

थिसॉरसकडून बहुतेकांच्या अपेक्षा अवास्तव असतात. पेशाने डॉक्टर असलेल्या पीटर मार्क रॉजे यांनी 1852 मध्ये जो थिसॉरस प्रसिद्ध केला, त्याची मांडणी अकारविल्हे नव्हती. कल्पनांचे सहा मोठे वर्ग आणि त्यांखाली सुमारे हजार शीर्षके, अशी ती होती. अर्थ मनात घोळत आहे, पण शब्द आठवत नाही, अशा वेळी ही रचना खरोखर उपयोगी पडते, कारण शेजारपाजारच्या कल्पना चाळता चाळता हवा तो शब्द समोर येतो. आज शब्दावर राइट क्लिक केल्यावर उघडणारी समानार्थी शब्दांची यादी हा त्या रचनेचा फार गरीब वारस आहे. ती यादी विसरलेल्या शब्दाची आठवण करून देते, पण दोन शब्दांतील फरक सांगत नाही. म्हणून त्या यादीतून आलेला, आपल्या पूर्वपरिचयाचा नसलेला शब्द पडताळल्याशिवाय मजकुरात घालायचा नाही, हा नियम मी पहिल्यापासून पाळला.

एक उदाहरण पुरेसे आहे. ‘रिड्यूस’ या शब्दासमोर ‘मिटिगेट’, ‘अलिव्हिएट’ आणि ‘डिमिनिश’ हे शब्द एकाच ओळीत दिसतात आणि ते एकमेकांच्या जागी चालतील असा समज होतो. लर्नर्स डिक्शनरी उघडली की चित्र पालटते. ‘रिड्यूस’ संख्या, प्रमाण, खर्च अशा मोजता येण्याजोग्या गोष्टींसाठी सर्रास चालतो. ‘मिटिगेट’ धोक्याची किंवा दुष्परिणामांची तीव्रता कमी करण्यासाठी येतो, तर ‘अलिव्हिएट’ वेदना, लक्षणे, दारिद्र्य अशा त्रासदायक गोष्टींशी जोडलेला असतो. त्यामुळे नव्या वेळापत्रकाने चुकांची संख्या ‘अलिव्हिएट’ केली असे लिहिले, तर शब्द भारदस्त दिसतो, पण वाक्य लंगडते.

इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशांसाठीचे कोश हा स्वतंत्र प्रकार आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ए. एस. हॉर्न्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमधील अध्यापनाच्या अनुभवातून तयार केलेला असा एक कोश 1942 मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला आणि क्रियापदानंतर वाक्याची रचना कशी होते हे दाखवणे, ही त्याची मोठी देणगी होती. रोजच्या कामात मला सर्वाधिक उपयोग याच माहितीचा झाला. ‘डिस्कस’ नंतर ‘अबाउट’ येत नाही आणि ‘कॉम्प्राइज’ ला कर्तरी रचनेत ‘ऑफ’ लागत नाही, या गोष्टी नोंदीतील उदाहरणांतून आपोआप पक्क्या होतात. शिवाय अशा कोशांतील व्याख्या मोजक्या, ठरवून घेतलेल्या शब्दसंग्रहात लिहिलेल्या असतात. अवघड कल्पना सोप्या शब्दांत किती काटेकोरपणे सांगता येते, याचा नमुना म्हणूनही त्या वाचण्यासारख्या आहेत.

चारांपैकी सर्वांत उपयुक्त साधन मात्र कोलोकेशन डिक्शनरी हे ठरले. कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या सोबतीने येतो, एवढेच तिच्यात असते. ‘डिक्लाइन’ हे नाम काढले की त्याआधी येणारी ‘शार्प’, ‘स्टीप’, ‘ग्रॅज्युअल’, ‘स्टेडी’ ही विशेषणे रांगेने मिळतात, आणि ‘व्हेरी बिग डिक्लाइन’ लिहिण्याचे कारण उरत नाही. येथे एक बारीक गोष्ट लक्षात आली. घट ‘शार्प’ होती की ‘स्टेडी’, हे ठरवण्यासाठी आकडे पुन्हा पाहावे लागतात, म्हणजे शब्द निवडताना आपल्याला नक्की काय म्हणायचे आहे याचीच छाननी होते. कोशात नसलेली जोडी तपासायची असेल, तर भाषासंग्रह, म्हणजे प्रत्यक्ष वापरातील मजकुराचे शोधता येणारे मोठे साठे, कामास येतात. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे 10 कोटी शब्दांचा मजकूर आहे. तो प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असल्याने अगदी अलीकडचे प्रयोग त्यात सापडणार नाहीत, पण एखादी जोडी रूढ आहे की आपणच बनवली आहे, हे मिनिटभरात कळते.

आता काटछाटीविषयी. ‘द कमिटी मेड अ डिसिजन टु कंडक्ट अ रिव्ह्यू ऑफ द प्रोसीजर’ हे वाक्य बारा शब्दांचे आहे आणि कार्यालयीन इंग्रजीत अशी वाक्ये पैशाला पासरी मिळतात. त्यातील खरी कृती ‘डिसिजन’ आणि ‘रिव्ह्यू’ या नामांत अडकून पडली आहे, आणि ‘मेक’ व ‘कंडक्ट’ ही क्रियापदे केवळ ओझे वाहत आहेत. त्या नामांना पुन्हा क्रियापदे केली की ‘द कमिटी डिसाइडेड टु रिव्ह्यू द प्रोसीजर’ हे सात शब्दांचे वाक्य उरते आणि अर्थाचा कणही सांडत नाही. ‘ड्यू टु द फॅक्ट दॅट’ च्या जागी ‘बिकॉज’ आणि ‘इन द इव्हेंट दॅट’ च्या जागी ‘इफ’ हे तर सरावानेच जमू लागते.

धोका आहे तो पुढच्या पायरीवर. ‘इट अपिअर्स दॅट द डिले मे पॉसिब्ली हॅव बीन कॉज्ड बाय अ फॉल्टी सेन्सर’ या वाक्यात शंका तीनदा व्यक्त झाली आहे. ‘अ फॉल्टी सेन्सर मे हॅव कॉज्ड द डिले’ असे लिहिल्यास ती एकदाच येते आणि तेवढी पुरते. कात्री आणखी चालवून ‘अ फॉल्टी सेन्सर कॉज्ड द डिले’ केले, तर वाक्य सर्वांत सुटसुटीत होते, पण तपासणीत सिद्ध न झालेली गोष्ट ते सिद्ध म्हणून सांगते. संक्षेपाचा उपदेश करणारे बरेच जण या फरकाकडे काणाडोळा करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

लॅटिन वळणाचे शब्द टाळा, लहान देशी शब्द वापरा, या सर्वश्रुत सल्ल्याचेही तसेच आहे. 1066 मधील नॉर्मन विजयानंतर फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा ओघ वाढल्यामुळे इंग्रजीत ‘बिगिन’ आणि ‘कमेन्स’, ‘बाय’ आणि ‘पर्चेस’ अशा जोड्या रुजल्या आहेत आणि रोजच्या लेखनात पहिला शब्दच चांगला. पण करारासंबंधी लिहिताना ‘टर्मिनेट’ च्या जागी ‘एंड’ घालून भागत नाही, कारण मुदत सरल्यामुळे करार ‘एक्स्पायर’ झाला की कोणा पक्षाने तो ‘टर्मिनेट’ केला, यावरच पुढचे हक्क अवलंबून असू शकतात.

वाचनीयतेच्या गुणांकाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. रुडॉल्फ फ्लेश यांचे 1948 चे सूत्र दोनच सरासऱ्या पाहते: वाक्यामागे शब्द किती आणि शब्दामागे अक्षरावयव (सिलॅबल) किती. वाक्यातील शब्दांचा क्रम उलटसुलट केला तरी गुणांक तसूभरही हलत नाही, यावरून त्याची मर्यादा स्पष्ट व्हावी. कर्मणी प्रयोग दिसला की इशारा देणारी सोयही अशीच आंधळी आहे. प्रयोगाची पद्धत सांगताना ‘सॅम्पल्स वेअर हीटेड’ हेच योग्य असते, कारण नमुने कोणी तापवले याच्याशी वाचकाला देणेघेणे नसते. एखाद्या परिच्छेदाचा गुणांक अचानक घसरला, तर तेथे लांब वाक्ये किंवा लांब शब्द दाटले आहेत एवढे कळते, आणि मी तो शेवटच्या वाचनापुरताच पाहतो.

एकच साधन घ्यायचे असेल, तर कोलोकेशन डिक्शनरी घ्यावी, आणि शक्य असल्यास छापील घ्यावी, कारण एका नोंदीसाठी उघडलेल्या पानावर शेजारच्या नोंदीही नजरेखालून जातात. विशिष्ट विषयातील पारिभाषिक शब्दांच्या बाबतीत मात्र तिचा हात आखडता आहे. त्यांसाठी त्या क्षेत्रातील चांगल्या नियतकालिकांतले लेख उघडून तो शब्द कोणत्या क्रियापदासोबत येतो हे पाहावे लागते, आणि ते काम मी अजून हातानेच करतो.