'पिकार्ड': तीन पर्वे, तीन मालिका

'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकांच्या चाहत्याला त्यांतल्या 'पिकार्ड' या मालिकेचे कोणते पर्व आवडले एवढे विचारले, की तो कोणत्या तटातला आहे हे बहुतेक वेळा उमगते. पहिले आवडले म्हणणारा जरा बिचकत सांगतो, तिसरे म्हणणारा छातीठोकपणे सांगतो, आणि दुसरे म्हणणारा मला अजून भेटायचा आहे. जानेवारी २०२० ते एप्रिल २०२३ या काळात तीन पर्वांत मिळून तीस भाग आले. नायक तोच आणि अभिनेताही तोच असला, तरी ते सलग पाहिल्यावर एकाच नावाखाली तीन वेगळ्या मालिका पाहिल्यासारखे वाटते. २०१७ मध्ये 'डिस्कव्हरी' या मालिकेपासून सुरू झालेल्या नव्या 'ट्रेक'वरून चाहत्यांमध्ये जो वाद पेटला आहे, तो सगळाच्या सगळा या तीस भागांत सापडतो. म्हणून या मालिकेचे परीक्षण करताना त्या वादाला बगल देता येत नाही.

१९८७ ते १९९४ या काळात 'द नेक्स्ट जनरेशन' या जुन्या 'ट्रेक' मालिकेच्या १७८ भागांतून पॅट्रिक स्ट्यूअर्ट यांनी कॅप्टन ज्याँ-लूक पिकार्ड उभा केला. नव्या मालिकेच्या आरंभी तो फ्रान्समधल्या वडिलोपार्जित द्राक्षमळ्यात निवृत्त आयुष्य कंठतो आहे. रोम्युलन या परग्रहवासी लोकांचा सूर्य फुटणार होता, त्यांना वाचवण्याची मोहीम पिकार्डने हाती घेतली होती. पण मंगळावर कृत्रिम मानवांकडून मोठा हल्ला झाला, फेडरेशन या ग्रहसंघाच्या अंतराळदलाने, म्हणजे स्टारफ्लीटने, मोहीम सोडून दिली, कृत्रिम मानवांवर बंदी घातली आणि पिकार्डने राजीनामा दिला. ही सुरुवात मला आजही धाडसी वाटते. आदर्श म्हणून जिच्याकडे पाहायचे ती संस्थाच घाबरली तर तिच्यातल्या सच्च्या माणसाने काय करावे, हा प्रश्न 'ट्रेक'च्या परंपरेतला आहे, आणि तो विचारल्याबद्दल पहिल्या पर्वावर 'हे ट्रेकच नव्हे' असा शिक्का मारणे अन्यायाचे आहे.

तो शिक्का मारणाऱ्यांच्या तक्रारी मात्र सरसकट झटकून टाकता येत नाहीत, कारण त्या सगळ्या एका तोलाच्या नाहीत. सर्वांत हलकी तक्रार असते ती जुन्या तपशिलांशी मेळ बसत नसल्याची. 'डिस्कव्हरी'ने क्लिंगॉन या परग्रहवासी लोकांचे रूप बदलले तेव्हा मोठा गहजब झाला. पण १९६६ च्या मूळ मालिकेतल्या क्लिंगॉनांची कपाळे सपाट होती, १९७९ च्या चित्रपटात त्यांच्यावर एकदम कंगोरे आले आणि कोणी अवाक्षरही न काढता कथा पुढे गेली. १९९६ मध्ये 'डीप स्पेस नाईन' या 'ट्रेक' मालिकेच्या एका भागात वोर्फ या क्लिंगॉन अधिकाऱ्याला याबद्दल विचारले जाते, तेव्हा आम्ही बाहेरच्यांशी या विषयावर बोलत नाही, एवढेच सांगून तो मोकळा होतो. माझ्या मते कपाळाच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर नाही. दुसरी तक्रार, नवे 'ट्रेक' फार राजकीय झाले आहे, ही. १९६९ मध्ये अर्धा चेहरा काळा आणि अर्धा पांढरा असलेली दोन माणसे, कोणाची कोणती बाजू काळी एवढ्यावरून, आपला सगळा ग्रह बेचिराख होईपर्यंत एकमेकांचा पाठलाग करतात अशी कथा याच मालिकेने दाखवली होती. तीत आडवळणाने म्हटलेले काहीच नव्हते.

त्याच वेळी दुसऱ्या तटाचे उत्तरही मला पटत नाही. ज्यांना नवे आवडत नाही त्यांना केवळ पडद्यावरचे नवे चेहरे खुपतात, असे म्हटले की वाद मिटल्यासारखा वाटतो, पण तो टाळलेला असतो. पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागाच्या आरंभी इचेब या व्यक्तिरेखेचा डोळा जिवंतपणी उपसून काढला जातो. 'व्हॉयेजर' या आधीच्या मालिकेत या मुलाला बोर्गांच्या, म्हणजे माणसांना यंत्रांशी जोडून एकाच सामूहिक मनात सामावणाऱ्या शत्रूंच्या, तावडीतून सोडवून माणसांत वाढवलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तो प्रसंग सहन झाला नाही, यात चेहऱ्यांचा प्रश्न कुठे येतो? ती क्रूरता कथेला काहीही देत नाही. त्याला मुलासारखे जपणारी सेव्हन ऑफ नाईन सूडाला प्रवृत्त झाली हे दाखवण्यासाठी तेवढे रक्त नको होते. स्टारफ्लीटची ॲडमिरल पिकार्डला शिवी हासडते तेव्हा मला धक्का बसला नाही, कंटाळा आला. ज्या लेखकांना तिच्या तोंडी पिकार्डला निरुत्तर करणारा युक्तिवाद घालता आला असता त्यांनी शिवीवर भागवले.

आणि माझ्या दृष्टीने खरी मेख इथेच आहे. 'द नेक्स्ट जनरेशन'चे हृदय तिच्या यानात किंवा गणवेशात नव्हते. ते बैठकीच्या खोलीतल्या त्या लांब टेबलाभोवती होते, जिथे सात-आठ माणसे एखाद्या पेचावर मतभेद मांडत, एकमेकांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेत, आणि मगच कॅप्टन निर्णय देई. १९८९ मधला 'द मेजर ऑफ अ मॅन' हा भाग त्याचा कळस होता. ब्रूस मॅडॉक्स नावाच्या शास्त्रज्ञाला डेटा या अँड्रॉइडचे भाग सुटे करून अभ्यासायचे असतात, डेटा नकार देतो, आणि तो स्टारफ्लीटची मालमत्ता आहे की स्वतंत्र व्यक्ती, यावर सुनावणी होते. मित्राविरुद्ध बाजू मांडण्याची वेळ पिकार्डचा उपप्रमुख रायकर याच्यावर येते. तो डेटाचा हात मनगटापासून काढून दाखवतो, मग त्याला बटण दाबून बंद करतो, आणि आपला डाव बिनतोड पडला हे कळून खजील होऊन जागेवर बसतो. एक खोली, मोजकी माणसे आणि शब्द एवढ्या भांडवलावर तो भाग उभा आहे.

'पिकार्ड'चे पहिले पर्व हे उघडउघड त्याच सुनावणीचे पुढचे पान आहे. मॅडॉक्स इथे परत येतो, डेटाची मुलगी म्हणता येईल अशी सोजी येते, आणि एका बंदीमुळे संपूर्ण कृत्रिम मानवजात बेकायदा ठरलेली असते. सातव्या भागात रायकर आणि त्याची पत्नी ट्रॉय यांच्या घरी हा विषय थेट जेवणाच्या टेबलापर्यंत पोचतो: त्यांचा मुलगा ज्या आजाराने गेला त्यावर पॉझिट्रॉनिक, म्हणजे डेटाच्या मेंदूसारख्या, यंत्रणेच्या साहाय्याने उपचार होऊ शकला असता, पण बंदीमुळे ती उरलेलीच नव्हती. सरकारी निर्णयाची किंमत एका घराने कशी मोजली, हे रायकर पिझ्झा करत असताना, आवाज न चढवता कळते. तीस भागांतला मला सर्वांत आवडलेला भाग हाच. आता कोणीतरी हा खटला फेडरेशनसमोर उभा करील, अशी आशा त्याने निर्माण केली होती. प्रत्यक्षात शेवटच्या भागात आकाशात एक भोक पडते, त्यातून यांत्रिक सोंडा वळवळत बाहेर येतात, एकाच साच्यातून काढल्यासारख्या जहाजांचा ताफा घेऊन रायकर हजर होतो, पिकार्डच्या चार वाक्यांनी सोजीचे मन पालटते, आणि बंदी उठल्याची बातमी जाता जाता एका वाक्यात उरकली जाते. सुनावणी झालीच नाही. दहा भागांची एकच कथा ताणताना रहस्य टिकवण्याच्या नादात युक्तिवादाला जागा उरली नाही, आणि जुना चाहता 'हे ट्रेक नव्हे' असे म्हणतो तेव्हा अनेकदा त्याला हेच म्हणायचे असते, फक्त तो बोट ठेवतो कपाळावरच्या कंगोऱ्यांवर.

दुसऱ्या पर्वाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. क्यू हा 'द नेक्स्ट जनरेशन'मधला जवळजवळ सर्वशक्तिमान खोडकर जीव परत येतो, मंडळी २०२४ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये जातात आणि निर्मात्यांच्या सोयीने तिथेच रेंगाळतात. क्यू साकारणाऱ्या जॉन डी लान्सी यांचा निरोपाचा प्रसंग तेवढा लक्षात राहतो.

तिसरे पर्व टेरी मतालस यांच्या सूत्रसंचालनाखाली आले आणि पहिल्या दोन पर्वांवर रुसलेले चाहते एका झटक्यात परतले. त्याला कारणेही आहेत. 'टायटन' या यानाचा कॅप्टन शॉ ही व्यक्तिरेखा या मालिकेने 'ट्रेक'ला दिलेली सर्वांत भक्कम देणगी आहे. १९९० मधल्या कथेत बोर्गांनी पिकार्डला आपल्यात सामावून त्याच्याकरवी वोल्फ ३५९ च्या लढाईत ३९ जहाजे नष्ट केली. शॉ त्या लढाईतून वाचलेला. जीवरक्षक होडीत जागा फक्त दहा, आणि त्या दहांत आपल्याला का निवडले, हे त्याला आजवर कळलेले नाही. चौथ्या भागात तो हे पिकार्डच्या तोंडावर, इतरांच्या देखत सांगतो आणि पिकार्डपाशी उत्तर नसते. १९९३ मध्ये 'डीप स्पेस नाईन'चा नायक सिस्को यानेही पिकार्डला असेच थंडपणे सुनावले होते, त्यामुळे प्रसंग अगदी कोरा नाही. टॉड स्टॅशविक यांनी तो वठवलाय मात्र असा की तुलना करण्याचे भान राहत नाही.

पण या पर्वाचा कट नीट पाहावा. बोर्गांनी ट्रान्सपोर्टर या माणसांना क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्रामार्फत सगळ्यांच्या शरीरात आपले बीज पेरले आहे, आणि ते फक्त पंचविशीच्या आतल्यांवर चालते, कारण त्यांच्या मेंदूची वाढ पूर्ण झालेली नसते. म्हणजे ताफ्यातली सारी तरुण पिढी एका क्षणात शत्रू होते, नवी जहाजे एकमेकांना जोडलेली असल्यामुळे निकामी ठरतात, आणि जगाला वाचवतात ती जुनी मंडळी, त्या जाळ्याशी न जोडलेल्या जुन्या यानात बसून, जे त्यांचा जुना अभियंता जॉर्डी याने वीस वर्षे खपून संग्रहालयात दुरुस्त केलेले असते. नव्या पिढीच्या 'ट्रेक'वर चिडलेल्या प्रेक्षकाला याहून अधिक गोंजारणारी कथा रचता आली नसती. पहिल्या पर्वातले सोजी, रिओस, जुराती, एल्नोर यांपैकी कोणीच इथे नाही. पहिल्या पर्वाच्या शेवटी डेटाने मृत्यू मागितला होता, अंत असेल तरच जगण्याला अर्थ, या विचाराने. त्या पर्वातला तो एकमेव नीट मांडलेला युक्तिवाद होता. तिसऱ्या पर्वात डेटा परत आला. दुसऱ्या पर्वात मेलेला क्यू श्रेयनामावलीनंतर परत आला. ज्यांना पूर्वीच्या घटनांशी इमान राखणे इतके महत्त्वाचे वाटते, त्यांनी याविषयी अवाक्षरही काढू नये याची मला गंमत वाटते.

तांत्रिक बाजूने पाहता तिन्ही पर्वांत अभिनय उत्तम आहे आणि तिसऱ्यात संगीत जुन्या धून वापरून सुरेख बांधले आहे. प्रकाशयोजना मात्र तिसऱ्या पर्वात इतकी काळोखी आहे की 'टायटन'च्या नियंत्रणकक्षात दिवे लावायला कोणी का सांगत नाही, असे वाटत राहते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी सांगेन, की आधी 'द मेजर ऑफ अ मॅन' पाहावा, मग पहिल्या पर्वाचे सात भाग, दुसरे पर्व सरळ वगळावे आणि तिसरे आठव्या भागापर्यंत बघून थांबावे. नवव्या भागाच्या शेवटी 'एंटरप्राइझ-डी' या त्याच जुन्या यानाच्या नियंत्रणकक्षातले दिवे एकेक करून लागतात, आणि आपल्याला सर्वांत जास्त आठवण कशाची येत होती तर या गालिच्याची, असे पिकार्ड म्हणतो. वर लिहिलेले सगळे आक्षेप ठाऊक असूनही मी तिथे थांबलो नाही. दुसऱ्यांदा पाहतानाही नाही.