गल्लीतली कॅम्पर व्हॅन एकदाची उचलली, ३ स्टार

घोडबंदर रोडला आमच्या गल्लीत जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची कोणीतरी बनवलेली कॅम्पर व्हॅन दोन पावसाळे सडत होती, टायर बसलेले, छतावर पाणी साचून डासांचा कारखाना, आत कुत्रीने पिल्लं घातलेली. तक्रार केल्यावर काचेवर नोटीस चिकटवली आणि मग महिनाभर गपगार. मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ बघा, सार्वजनिक जागी १० तास बेवारस पडलेली गाडीसुद्धा पोलीस हलवू शकतात, इथे दोन वर्षं! पण शेवटी गाडी उचलायला आले त्यांचं काम मात्र झकास, थेट हायड्रा क्रेन आणली, पिल्लं आधी नीट बाहेर काढली आणि अर्ध्या तासात जागा मोकळी. (मालकाने सरळ स्क्रॅप सेंटरला दिली असती तर सर्टिफिकेटवर नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये सूट तरी मिळाली असती, येडा कुठला.) फुटक्या काचा आणि ऑइलचे डाग तसेच टाकून गेले, ते आमच्या वॉचमनकाकांनी झाडले.