स्मरणिका तयार करून देणाऱ्या सेवेचा अनुभव

गेल्या वर्षभरात आमच्या वसाहतीतील ११ माणसे निवर्तली. त्यांच्या आयुष्यांची नोंद राहावी म्हणून आम्ही स्मरणिका तयार करून देणाऱ्या एका सेवेकडे हे काम सोपवले. तिची सर्वांत मोलाची बाजू म्हणजे मुलाखती. जन्म, शिक्षण, नोकरी असा ठरीव साचा पुढे न करता लेखिकेने बहुतेक घरी निवांत बसून, शेजाऱ्यांशीही बोलून, बारीकसारीक सवयी विचारल्या. त्यामुळेच आयुष्यभर शिवणकाम केलेल्या एक आजी उरलेल्या कापडाचे तुकडे शेजारच्या मुलींसाठी नावानिशी बांधून ठेवीत, ही गोष्ट त्यांच्या मुलांनाही प्रथमच कळली. ते पान मी अनेकदा वाचले आहे.

लहान, जुनी छायाचित्रे ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० बिंदू इतक्या बारकाईने) स्कॅन केल्यामुळे मोठी छापूनही चेहरे स्पष्ट राहिले. कागद आम्लविरहित आहे, हेही योग्यच, कारण वर्तमानपत्री कागद त्यातील आम्लामुळे आणि लिग्निन या लाकडातील घटकामुळे लवकर पिवळा पडतो.

मात्र छपाईपूर्वीचे अंतिम मुद्रित (प्रूफ) कुटुंबीयांना न दाखवल्यामुळे एका लेखात जन्मवर्ष चुकले. दुःखात असलेल्या घराला अशी चूक फार लागते. आम्ही कळवताच त्यांनी ते पान विनामूल्य पुन्हा छापले. एकट्या राहणाऱ्या एका गृहस्थांना, नातेवाईक नसल्याने, जेमतेम अर्धे पान मिळाले, याची खंत मला अधिक वाटते. त्यांना ओळखणारे आम्ही कितीतरी जण होतो आणि आम्हाला कोणी विचारलेच नाही.